मिलिमीटरभर समुद्र

कॉटन ग्रीनला राहणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही. त्याला समुद्राचा वास येतो. गिरगावकरांना चौपाटी आहे, दादरकरांना आहे, वरळीकरांना तर पावसाळ्यात लाटा रस्त्यावर येऊन भेटतात. आमच्या वाट्याला आले हार्बर लाइनचे रूळ, कापसाच्या वखारी, बंदराच्या जागा आणि या सगळ्यांपलीकडे शिवडीचा चिखल. ओहोटी लागली आणि वारा पूर्वेचा असला, की सडक्या अंड्यासारखा एक उग्र दर्प सरळ माजघरापर्यंत येई. आई उठून पूर्वेची खिडकी लावून घेई आणि म्हणे, "उतरलं वाटतं पाणी!" आमच्या घरात भरती-ओहोटीचे पंचांग असे नाकाने वाचीत.

हा वास म्हणजे काय, असा प्रश्न मला वयाची साठी उलटेपर्यंत कधी पडला नाही. चिखल म्हटला की घाण यावयाचीच, अशी माझी समजूत. ती घालविली माझ्या भाच्याने. तो समुद्रविज्ञान शिकला आहे, आणि सुटीत आला की माझ्या डोक्यात काही तरी किडा सोडून जातो. मागल्या वर्षी आला तो खोक्यात कापूस भरून, आणि कापसात एक काचेची नळी जपून ठेवून. नळी पेन्सिलीएवढी, पण एका टोकाला निमुळती होत होत दिसेनाशी झालेली.

"मामा, हात लावू नका हं. नुसती बघा. हिचं टोक मोडलंय म्हणून घरी आणायला मिळाली."

"टोक मोडलेलं मला तर दिसत नाही."

"धड असतं तरी दिसलं नसतं," तो म्हणाला.

समुद्राच्या तळाची नाडी पाहण्याची ही सुई. हिच्याविषयी मी जे वाचले, विचारले आणि शिवडीच्या धक्क्यावर उभा राहून स्वतः पाहिले, ते वाचकांना सांगावे असे वाटले.

प्रथम चिखलच घेऊ. ओहोटीच्या वेळी काठावर उभे राहून एखादी काठी चिखलात खुपसून पाहा. वर दुधावर साय धरावी तसा एक तपकिरी, किंचित सोनेरी थर असतो. ही साय म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाची वस्ती. हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी मान उलटी करून चोचीने हीच साय गाळून खातात. सायीखाली थोडी करड्या रंगाची माती, आणि तिच्याखाली लगेच काळाकुट्ट गाळ. काठी वर काढली की तो वास! तपकिरी रंग संपून काळा सुरू होतो ते अंतर पुष्कळ ठिकाणी बोटाच्या नखाएवढेही नसते. वरचा भाग प्राणवायूचा मुलूख, खालचा त्याच्यावाचून जगणाऱ्या जंतूंचा. ते जंतू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. माझी आई खिडकी लावी ती या वायूसाठी.

प्राणवायू इतक्या लवकर का संपावा? याचा हिशेब भाच्याने मला पाटीवर मांडून दाखविला, आणि तो हिशेब मला फार आवडला. लिटरभर हवेत प्राणवायू सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. आपल्याकडच्या उबदार समुद्राच्या लिटरभर पाण्यात मात्र जेमतेम सहा मिलिग्रॅम. म्हणजे मुळात भांडवलच तुटपुंजे. त्यातून चिखलाच्या कणांमधले पाणी हलत नाही, तेव्हा प्राणवायूला स्वतःच्या पायांनी वाट काढावी लागते. न हलणाऱ्या पाण्यात एक मिलिमीटर जायला त्याला साधारण चार मिनिटे पुरतात. एक सेंटिमीटरला मात्र सात तास लागतात, दहा सेंटिमीटरला महिना, आणि मीटरभर जायचे तर आठ वर्षे! अंतर दसपट झाले की वेळ शंभरपट होतो. वाटेत जंतूंची ही भुकेली गर्दी. पोचणार कुठून?

म्हणून समुद्राच्या तळाशी जे काही घडते, जो श्वास घेतला जातो, जी मेलेली पाने, मासे, शेवाळ कुजून पुन्हा क्षार होतात, त्यातले निम्मे राजकारण वरच्या काही मिलिमीटरांत आटोपते. आता तिथे मोजायचे कसे?

पाण्यातला प्राणवायू मोजण्याची जुनी रीत विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ सालची. बाटलीत पाणी भरून घ्यावयाचे, त्यात मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड घालावयाचे, मग आम्ल. पाणी पिवळट होते. त्यात स्टार्च टाकला की ते निळे होते. स्टार्च म्हणजे आपली कपड्यांना घालतात ती खळच. मग फोटोग्राफर वापरीत तो हायपो थेंबाथेंबाने सोडावयाचा आणि निळा रंग उडाला की थेंब मोजावयाचे. इतकी चोख रीत आहे की आजही नव्या यंत्रांची पारख तिच्यावरच होते. पण तिला बाटलीभर पाणी लागते. चिखलाच्या दुसऱ्या मिलिमीटरातून बाटलीभर पाणी कोण आणि कसे काढणार? काढायला जावे तो वरचे खालचे सगळे एक होते.

माझे वडील कापसाच्या वखारीत नमुने काढीत. गाठ केवढी, आणि तिची किंमत ठरे ती चिमूटभर कापसावर! ते गाठीतून एक पुंजका ओढीत, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून तंतू पुनःपुन्हा विंचरल्यासारखे सरळ करीत, आणि काळ्या कापडावर ठेवून लांबी पाहत. ओमरा आहे की भडोच, हे त्यांना हातानेच कळे. ओमरा म्हणजे आपल्या उमरावतीकडचा, म्हणजे अमरावतीचा माल. धाग्याची लांबी इंचाच्या बत्तिसाव्या भागाने मोजली जाई. इंचाचा बत्तिसावा भाग म्हणजे मिलिमीटरालाही थोडा कमीच. तेवढ्या फरकावर व्यापाऱ्यांच्या आवाजाची पट्टी चढे. सांगावयाचे हे, की सगळी गाठ पिंजून एकत्र केली आणि मग सरासरी काढली तर तिचा व्यापाऱ्याला काही उपयोग नाही; आणि समुद्राचा तळ बादलीत ढवळून मोजला तर तीच गत.

सुईची कुळकथा इस्पितळात सुरू होते. लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाला रुग्णाच्या रक्तातला प्राणवायू मोजावयाचा होता. त्याने प्लॅटिनमचा तुकडा पातळ पडद्याआड ठेवला. पडद्यातून प्राणवायू आत झिरपतो, रक्तातले बाकीचे पदार्थ बाहेरच राहतात, आणि आत आलेल्या प्राणवायूच्या प्रमाणात विजेचा प्रवाह वाहतो. हे १९५६ साली प्रसिद्ध झाले. पुढे डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठात नील्स पीटर रेव्हस्बेक यांनी, १९८० च्या सुमारास, हीच युक्ती लहान करीत करीत काचेच्या सुईत बसविली. काचेची नळी ज्योतीवर तापवून ओढली की तिचे केसाहून बारीक टोक निघते. त्या टोकाशी सिलिकोनचा इवलासा पडदा, त्यामागे मौल्यवान धातूचे अग्र, आणि सगळे मिळून जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. आपल्या डोक्याचा केस याच्या सातपट जाड. आतून वाहणारा प्रवाह इतका अल्प की मोजणाराच हलका पाय ठेवून चालत असेल!

इतके बारीक करण्यामागे नुसती हौस नाही. जाड सुई स्वतःच प्राणवायू खाते. ज्याचा हिशेब घ्यावयाचा त्याच्याच ताटातले उचलते. शिवाय ती चिखलात शिरताना भोक पाडते आणि वरचे पाणी बरोबर खाली नेते. बारीक सुई जवळजवळ काही खात नाही, काही हलवीत नाही, आणि सेकंदाच्या आत उत्तर देते. पुढे अशाच सुया आम्लता मोजण्यासाठी आणि त्या सडक्या अंड्याच्या वायूसाठीही झाल्या. अलीकडे काही सुयांत वीजच नसते: टोकाशी एक रंगद्रव्य, त्यावर तंतूतून प्रकाश टाकावयाचा, आणि प्राणवायू जितका जास्त तितकी त्या रंगाची चमक मंद.

ही सुई हातात धरून पाण्यात उतरता येत नाही, हे उघड आहे. तिला तीन पायांच्या घडवंचीवर बसवितात आणि घडवंची दोरीने तळाशी सोडतात. गाळ निवळेपर्यंत ती मुकाट बसते. मग एक छोटी मोटर सुई खाली सरकविते. मिलिमीटरचा दहावा भाग, थांबा, मोजा. पुन्हा दहावा भाग. तळाशी एखादा शिंपला आडवा आला की काम आटोपले. भाच्याच्या खोक्यातली सुई अशाच एका शिंपल्याची शिकार.

या सुयांनी दाखविलेली सगळ्यांत नवलाची गोष्ट सांगतो. ऑर्हूसजवळच्या उपसागरातला काळा चिखल प्रयोगशाळेत ठेवला असता असे आढळले, की वर प्राणवायू आहे, खाली तो दुर्गंधी वायू आहे, आणि मध्ये सेंटिमीटरभर पट्टा असा की दोन्हींपैकी तिथे काहीच नाही. तरीही खालचा वायू जळून संपत होता, जणू वरचा प्राणवायू त्याला न शिवताच जाळीत होता. वर प्राणवायू बंद केला की खालच्या वायूवर लगेच परिणाम दिसे. आणि आपण वर पाहिले की सेंटिमीटरभर जायला प्राणवायूला तास लागतात. मग निरोप नेतो कोण? १९१० साली हे सांगितले असते तर लोकांनी भुताटकी म्हटले असते. २०१० साली शास्त्रज्ञांनी सांगितले, की चिखलातून वीज वाहते. आणि २०१२ साली तिची तारही सापडली. एकाशी एक जोडलेल्या हजारो पेशींचे जंतू, केसाहून कितीतरी बारीक पण लांबी चांगली सेंटिमीटरभर. त्यांचे एक टोक खाली वायू खाते आणि दुसरे वर प्राणवायू घेते. मधल्या पेशी नुसती वीज वाहून नेतात. चिखलाला पडीक म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

आणि चिखलाला पडीक म्हणणे ही आमच्या भागाची जुनी खोड आहे, हेही कबूल केले पाहिजे. ज्या वखारींवर आमचे घर चालले त्या समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर उभ्या राहिल्या. आता शिवडीपासून अटल सेतू निघतो. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. जवळजवळ बावीस किलोमीटरांचा हा पूल, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. मोटारीतून जाताना खालचा चिखल क्षणभर दिसतो आणि मागे पडतो. पूल हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खांब उभारला की पाण्याचा ओघ बदलतो, ओघ बदलला की गाळ कुठे बसेल ते बदलते, आणि गाळाचा पोत बदलला की त्या नखाएवढ्या थराची जाडी बदलते. रोहित पक्ष्याचे जेवण त्या थरावर आहे. पक्षी मोजणारे पुष्कळ आहेत आणि ते फार चांगले काम करतात; पण पक्षी कमी झाल्याचे कळते तेव्हा ताट आधीच पालथे झालेले असते.

हाच प्राणवायूचा प्रश्न मुंबईच्या कोळ्यांच्या जाळ्याशीही येऊन भिडतो. १९५९ साली 'नेचर' या प्रख्यात विलायती साप्ताहिकात मुंबईबाहेरच्या समुद्रावर एक निबंध आला. लेखक चौघे: कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्तू. विषय असा, की अरबी समुद्रात खोलवर प्राणवायू अगदी थोडा असलेल्या पाण्याचा एक थर आहे. तो काही काळी तळाच्या उतारावरून किनाऱ्याकडे चढत येतो, आणि त्याचा परिणाम मासळीवर होतो. यांतले कॅरुथर्स मोठे मजेचे गृहस्थ असावेत. स्वस्त आणि साधी उपकरणे करण्यात त्यांचा हातखंडा. तळाचा प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी बाटलीत कोमट जिलेटिन भरून आत होकायंत्र ठेवले आणि बाटली तळाशी बांधून सोडली. प्रवाहाने बाटली कलते, थंड पाण्यात जेली घट्ट होते, आणि वर काढल्यावर जेलीच्या उतारावरून प्रवाहाचा वेग व होकायंत्रावरून दिशा कळते. मुलांच्या वाढदिवसाला जेली करणाऱ्या कोणाही गृहिणीला हे यंत्र उमजेल.

गोव्यात दोनापावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, आणि पुढे याच पाण्याचा पाठलाग तिच्या शास्त्रज्ञांनी केला. कांदोळीच्या किनाऱ्याबाहेर एक ठरावीक जागा धरून ते १९९७ पासून मोजमाप करीत आले. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिथल्या तळाचा प्राणवायू पार आटतो. १९९९ च्या सप्टेंबरात तर पाण्यातच तो आमचा ओळखीचा दुर्गंधी वायू सापडला. डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे 'नेचर'मध्ये जगापुढे मांडले. शेतांतली खते नद्यांवाटे समुद्रात उतरतात त्यामुळे हा रोग बळावतो आहे, असा त्यांचा रोख होता. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात त्याच दिवसांत तळाशी ही टंचाई असते, हे ध्यानात घ्यावे.

आता पोवळ्यांकडे वळू. वाचक भगिनींना सांगायला हवे, की मंगळासाठी अंगठीत घालतात ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्राकडचे. मी म्हणतो ती दगडी पोवळी, ज्यांच्या वस्तीतून समुद्रात बेटेच्या बेटे उभी राहतात. प्रत्येक पोवळे म्हणजे एक लहानसा प्राणी, आणि त्याच्या अंगात भाडेकरू म्हणून राहणारे सूक्ष्म शेवाळ. भाडे साखरेत चुकते होते. १९९५ साली मायकेल क्यूल आणि त्यांच्या सोबत्यांनी, यांत रेव्हस्बेकही होते, पोवळ्याच्या अंगावर सुई टेकविली आणि या बिऱ्हाडाची दिनचर्या उघडी केली. उन्हात भाडेकरू इतके कामाला लागतात की पोवळ्याच्या अंगात प्राणवायू हवेशी समतोल असलेल्या पाण्याच्या अडीचपट होतो. अंधार केला की दोघेही श्वास घेऊ लागतात आणि तो दोन टक्क्यांच्याही खाली जातो! आम्लता मोजण्याचा आकडा दिवसा ८.६ पर्यंत चढतो, रात्री ७.३ वर येतो. बाहेरचे पाणी मात्र होते तसेच. म्हणजे हाताच्या अंतरावर तरंगणाऱ्या यंत्राला सगळे ठीकठाक दिसते, आणि अर्ध्या मिलिमीटरवर तो प्राणी रोज रात्री गुदमरण्याच्या काठावर जाऊन परत येतो.

हे कळले म्हणजे पोवळी पांढरी का पडतात याचीही वाट दिसते. पाणी नेहमीपेक्षा थोडे अधिक तापले आणि तसेच राहिले, की भाडेकरूंचे यंत्र बिघडते, प्राणवायू विषारी रूपांत बाहेर पडू लागतो, आणि पोवळे त्यांना घराबाहेर काढते. रंग भाडेकरूंचा असतो, तो गेला की खालचा सांगाडा पांढरा दिसतो. उपासमार लांबली तर मरण. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली असे मोठे तडाखे बसले.

मुंबईत पोवळी कुठली, असे मीही विचारले होते. आहेत! हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर, आपल्या सांडपाण्याच्या शेजारी, चिवटपणे आहेत. किनारी रस्त्याच्या वाटेत ती आली. कायद्याने दगडी पोवळ्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे, म्हणून २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसऱ्या खडकांवर नेऊन बसविल्या. अठरा वसाहतींसाठी एवढा खटाटोप पाहून काही लोक हसले. मला हसू आले नाही. नव्या जागी पाणी वरून तसेच दिसते. पण तिथे गाळ किती बसतो, रात्री पाणी किती हलते, यावर त्या अर्ध्या मिलिमीटरातला श्वास अवलंबून आहे. लाट पोवळ्यावरून गेली की तो स्थिर थर पातळ होतो आणि प्राणवायू लवकर आत पोचतो; पाणी थबकले की थर जाड होतो. बिऱ्हाड बदलणाऱ्या कुटुंबाने नव्या घरात वारा कुठून येतो हे आधी पाहावे, तसेच हे.

मालवणच्या किल्ल्याभोवती पोवळी आहेत. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून शंभर-एक किलोमीटर समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा बुडालेला पठारच आहे, आंग्रिया बँक. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरांवर. तिथे सुई टेकवायला पाणबुड्याने किती वेळ बसावे? त्याच्या पाठीवरच्या टाकीला मर्यादा आहे. म्हणून गोव्याच्या संस्थेने पोवळ्यांच्या पाहणीसाठी 'सी-बॉट' नावाचा पाण्याखाली दोनशे मीटरपर्यंत जाणारा यंत्रमानव तयार केला आहे. तो फिरतो, चित्रे घेतो, पाण्याचे गुण टिपतो. सुईचे काम निराळे. तिला एका जागी धीर धरून बसावे लागते. दोघांची जोडी जमली पाहिजे.

भाच्याला मी शेवटी विचारले, "एवढं सगळं आहे, तर शिवडीला एक घडवंची कायमची का नाही बसवून टाकत?"

तो हसला. "मामा, बसवता येईल. पण आपलं पाणी उबदार आणि खाऊन-पिऊन सुखी. काही दिवसांत यंत्रावर बुळबुळीत थर धरतो, मग कालवं आणि खडकाला चिकटणारे शंखले बसतात. मग यंत्र समुद्राचा प्राणवायू सांगत नाही, स्वतःच्या अंगावरच्या शेवाळाचा सांगतं. आकडे येत राहतात, दिसायलाही बरे दिसतात."

"मग उपाय?"

"तांब्याची जाळी लावतात. मोटारीच्या काचेवर असतो तसा पुसणारा दांडा बसवतात. तरीही दर थोड्या दिवसांनी होडी काढायची, भरती-ओहोटीची वेळ साधायची, गढूळ पाण्यात खाली उतरायचं आणि दात घासायच्या ब्रशनं ते टोक घासायचं. मग बाटलीत पाणी घेऊन विंक्लरच्या रीतीनं आकडा ताडून पाहायचा. यंत्राला पैसे मिळतात, मामा. ब्रशवाल्या माणसाच्या पगारासाठी अर्ज दर वर्षी नव्यानं करावा लागतो."